सरळ उभा संत आणि यामिलेतचं कार्ड

१

पैज लागली गुरुवारी सकाळी, आल्देमारच्या दुकानात, आणि तीही एका कार्डावरून. पत्त्यांतलं नव्हे. बोटभर लांबीचं, नऊ वर्षांपूर्वीचं कार्ड. यामिलेतच्या छातीत नेमकं काय बसवलंय, ते फक्त त्या कार्डाला ठाऊक होतं, आणि कार्ड गायब होतं.

यामिलेत पांदेबोनोचे गरम चीज-पाव घ्यायला आली आणि काउंटरला टेकून तिनं सगळं सांगून टाकलं. कोलंबियातल्या या काली शहरात असल्या गोष्टी कुणी कुजबुजत सांगत नाही. दाढ काढली म्हणतात, तसंच छाती केली म्हणतात. लपवणारी एखादीच.

तर डाव्या बाजूला दोन महिने सूज होती. आत दगड ठेवल्यासारखं कडक, कूस बदलली की कळ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मोन्काडांनी तपासलं, आत पाणी साचलंय म्हणाल्या, सोमवारी सकाळी सातची वेळ दिली. पण कार्ड घेऊन ये म्हणाल्या.

"एका कंपनीनं खरखरीत सालीच्या इम्प्लांटचा एक लॉट परत मागवलाय," यामिलेतनं सांगितलं. "माझं त्यातलं असेल तर ते पाणी आधी खास तपासणीला पाठवायचं, आणि भोवतीचं कवच अख्खं सोलून काढायचं. कधीकधी त्या पाण्यात वाईट काही सापडतं. त्यातलं नसेल तर साधं काम. डॉक्टर म्हणतात, ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत पोरी, मला आधी कळायला हवं. कार्ड नसेल तर सोमवार रद्द. पुढची तारीख तीन महिन्यांनी."

"आणि क्लिनिकवाले?"

"क्लिनिक बंद पडलं. तिथे आता कोंबड्या भाजतात."

"वेइमारनं नेलं," आल्देमारनं निकाल दिला. वेइमार म्हणजे यामिलेतला सोडून गेलेला मित्र. "जाताना टीव्ही नेला, मिक्सर नेला. कार्ड सोडेल होय?"

"त्याला कशाला हवंय ते? स्वतःच्या छातीला लावायला?" हे मागून इस्मेरिया म्हणाली.

दोन्या इस्मेरिया, म्हणजे आपल्याकडच्या इस्मेरियाबाई. वय चोपन्न, धंदा शिवणाचा. साल्सा नाचणाऱ्या अर्ध्या शहराचे टिकल्यांचे झगे हिच्या मशीनखालून गेलेले. बाकी वेळात लोकांच्या खोड्या. गेल्या इस्टरला हिनं पाद्रीबाबांच्या झग्याचे दोन्ही खिसे आतून शिवून टाकले होते, आणि बाबा रुमाल शोधता शोधता अख्खं प्रवचन विसरले होते.

"मग तूच शोध की," आल्देमार म्हणाला. "सुईत दोरा घालायला चष्मा लागतो, निघाली चोर पकडायला."

"शोधलं तर?"

"रविवारी बाराच्या घंटेआधी यामिलेतचं कार्ड या काउंटरवर ठेव. मी तुझा टिकल्यांचा झगा घालून इथे, दुकानासमोर, पूर्ण एक गाणं नाचेन. नाही ठेवलंस तर तू नाच."

"मी तर रोजच नाचते."

"झग्यात नाही ना नाचत. दहा वर्षांत तुला मळक्या पँटशिवाय कुणी पाहिलंय?"

गल्ली हसली. इस्मेरियानं गळ्यातली टेप काढली आणि भर दुकानात आल्देमारच्या पोटाभोवती गुंडाळली.

"एकशे चोवीस," ती म्हणाली. "गुलाबी करू की जांभळा?"

२

यामिलेत राहायची तिच्या मावशीकडे. एर्मेलिना मावशी सत्तरीची, कडक धार्मिक. भाचीनं छाती केली तेव्हा तिनं चाळीस दिवस अबोला धरला होता. कार्ड होतं बैठकीत, बाळ येशूच्या तसबिरीमागे, चिकटपट्टीनं डकवलेलं. आता तिथे चिकटपट्टीचे चार ठिपके तेवढे उरले होते.

इस्मेरियानं तसबीर उलटसुलट केली. पट्टी फाडलेली नव्हती. नखानं हळूच सोडवलेली होती.

"मावशी, तुम्ही पाहिलंत का कार्ड?"

"ही कॉफी घे," एर्मेलिना म्हणाली. "निवतेय."

"घरात कोण आलं होतं?"

"घरात कोण कोण येतं. गॅसवाला येतो. तू येतेस."

इस्मेरियानं कॉफी घेतली आणि घर बघितलं. सगळं जागच्या जागी. फडताळावर मेणबत्ती, बियांची कोरी करकरीत जपमाळ, आणि सान अंतोनियोची लाकडी मूर्ती. पायाशी कार्नेशनचं ताजं फूल. संत शांतपणे सगळ्यांकडे बघत होता.

हरवलेलं शोधून देणारा हा संत, पण गल्लीत त्याची फार थट्टा व्हायची. एर्मेलिनाच्या घरी काही हरवलं की तो आधी डोक्यावर उभा राहायचा, आणि वस्तू सापडेपर्यंत तसाच. मागच्या महिन्यात तिच्या चष्म्यापायी बिचारा दोन दिवस उलटा होता. काखेत कळसा म्हणतात तसं. चष्मा तिच्याच डोक्यावर होता.

इस्मेरियानं कप ठेवला. काहीतरी तिच्या नजरेला खुपत होतं, उसवलेली शिवण खुपते तसं. पण काय, ते कळेना.

३

वेइमारचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. इस्मेरियाला पाहून त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.

"टीव्ही माझ्या आईचा होता," तो आधीच म्हणाला.

"मी टीव्हीचं विचारलंच नाही."

"सगळे तेच विचारतात."

"कार्ड कुठेय?"

"ते तसबिरीमागचं? ते मी कशाला नेऊ?" तो खरोखर बुचकळ्यात पडलेला दिसला. "ऐका दोन्या, ऑपरेशन झालं त्या दिवशी मीच गेलो होतो आणायला. टॅक्सीत पुढे बसलो, मागे जागाच नव्हती. सगळा रस्ता कण्हणं ऐकलं. घरी आलो तर मावशीनं दारातच थांबवलं. त्या दिवसापासून मी त्या कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. कशी आहे ती?"

"दुखतंय तिला."

त्यानं पाना खाली ठेवला. "मिक्सर परत हवा असेल तर सांगा. चालू आहे."

इस्मेरिया निघाली. हा चोर नव्हता. चोर मिक्सर परत देऊ करत नाही. पण चालता चालता तिच्या डोक्यात एक बारीक टाचणी रुतली. वेइमार काडीपेक्षा बारीक, यामिलेत एकटी. मग टॅक्सीत मागे जागा का नव्हती?

४

उत्तर आलं शुक्रवारी दुपारी, आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं. इस्मेरियाची सुई खाली पडली. ती शोधायला गुडघ्यावर बसली, डोकं जमिनीला, बूड वर. आणि तशीच थांबली.

पाच मिनिटांत ती एर्मेलिनाच्या दारात होती.

"मावशी, तुमचा संत सरळ का उभा आहे?"

एर्मेलिना मटार सोलत होती. बोटं थबकली.

"चष्मा हरवला, संत उलटा. कात्री हरवली, संत उलटा. भाचीच्या जिवाशी गाठ असलेलं कार्ड जाऊन चार दिवस झाले, आणि हा कार्नेशन हुंगत उभा. का? तर तुमच्या लेखी ते हरवलेलंच नाही. ते कुठेय ते तुम्हाला ठाऊक आहे."

मावशीनं मटाराची शेंग खाली ठेवली.

"नवस बोलला की सांगायचा नसतो."

"कुणाला बोललात?"

"बुगा गावच्या ख्रिस्ताला. सोमवारी चर्चची बस गेली होती. लोक तिथे दुखऱ्या अंगाचा फोटो ठेवतात, डॉक्टरची चिठ्ठी ठेवतात. मी म्हटलं, पोरीच्या दुखण्याचा कागद तोच आहे. पायाशी ठेवून आले." तिनं जपमाळेकडे बोट केलं. "ती तिथलीच. मी तेव्हा चाळीस दिवस बोलले नव्हते तिच्याशी. म्हटलं, आता देवाशी तरी बोलावं तिच्यासाठी."

"अहो, ती चार दिवस घर उपसतेय."

"बरी झाली की सांगणारच होते."

इस्मेरियाला रागवायचं होतं. तिनं मटाराची टोपली पुढ्यात ओढली आणि सोलायला लागली.

"मावशी, देवानं वाचलं असेल एव्हाना," ती म्हणाली. "आता डॉक्टरला वाचू द्या."

५

शनिवारी सकाळच्या बसनं दोघी बुगाला गेल्या. तिथल्या सेवेकऱ्यानं कपाळाला हात लावला. लोकांच्या नवसाचे कागद महिनाभर पोत्यांत ठेवतात, त्यातलं सोमवारचं पोतं त्यानं समोर ओतलं. फोटो, एक्स-रे, शाळेची प्रगतिपुस्तकं, लहान बाळाचा मोजा. अडीच तासांनी मावशीच्याच हाताला ते लागलं.

यामिलेतचं नाव, शाईनं लिहिलेलं. खाली इम्प्लांटच्या खोक्यावरचं छापील स्टिकर.

यामिलेतनं त्याचा फोटो डॉक्टरना पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं. हा लॉट यादीत नाही. साधं काम. सोमवारी सात.

यामिलेत फोन छातीशी धरून मावशीच्या गळ्यात पडली, मग कळ आली म्हणून लगेच सुटली. आल्देमारनं बातमी ऐकली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. इस्मेरिया गुलाबी झगा खांद्यावर टाकून त्याला दाखवायला आली. एकशे चोवीसचा घेर, मागे पिसांचा तुरा, पोटावर टिकल्यांचं सूर्यफूल.

"उद्या बाराला," ती म्हणाली. "पायांची दाढी करून ये."

"पायाला दाढी नसते."

"तुझ्या असते."

घरी येऊन तिनं कार्ड मशीनवर ठेवलं आणि चष्मा लावून पहिल्यांदा नीट वाचलं. नाव. तारीख. लॉट नंबर. आकार: चारशे सीसी.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

चारशे.

६

शिवणकाम करणाऱ्या बायका डॉक्टर नसतात, पण कालीत तीस वर्षं नाचाचे झगे शिवले की एक शास्त्र आपोआप कळतं. इस्मेरियाच्या मापवहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता होता. ऑपरेशनआधीचं माप, नंतरचं माप, इम्प्लांटचा आकार. अडीचशे बसवलं तर छाती सहा-सात सेंटीमीटरनं वाढते. चारशेला दहा-अकरा, आणि मग झग्याला बाजूला जास्तीच्या कापडाची एक कळी घालावी लागते. हा तक्ता सहसा चुकत नसे, कारण चुकला की झगा रंगमंचावर फाटे.

तिनं नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. यामिलेत: आधी चौऱ्याऐंशी, नंतर एक्क्याण्णव. सात वाढली. कळी नाही.

म्हणजे नाव यामिलेतचं, पण स्टिकर तिचं नव्हे. नर्सनं नावं आधी लिहून ठेवली असणार आणि स्टिकरं मागून चिकटवली असणार. उलटीपालटी. पण उलटीपालट व्हायला दुसरी कुणी हवी.

ती यामिलेतकडे गेली. "त्या दिवशी तुझ्याबरोबर कोण होतं?"

यामिलेतचा चेहरा पडला. "कुणी नाही."

"क्लिनिकची तेव्हा एकीवर एक फुकट अशी सवलत होती. अख्ख्या शहरात भिंतींवर चिकटवली होती. आणि टॅक्सीत मागे जागा नव्हती."

"मी शपथ घेतलीय दोन्या. आईच्या नावानं. का विचारताय?"

"सांगते. आधी एक पान वाचू दे."

ती उभ्या उभ्या वहीचं त्याच आठवड्याचं पान वाचत होती. आधी चौऱ्याऐंशी, नंतर पंच्याण्णव. अकरा वाढली. बाजूला तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: एक कळी घातली. म्हणते, पोहल्यानं आणि अवोकाडो खाल्ल्यानं.

माप साल्सा शिकवणाऱ्या लुस दारीचं होतं.

वही मिटून तिनं यामिलेतला तिचं स्वतःचं माप सांगितलं आणि कार्डावरचा आकार सांगितला. नाव एकदाही घेतलं नाही. यामिलेत शहाणी होती, तिनं हळूच खाली बसून घेतलं.

"मग माझ्यात काय आहे?"

"ते दुसऱ्या कार्डावर लिहिलंय," इस्मेरिया म्हणाली.

७

लुस दारीची साल्साची शाळा होती. दारावर तिचाच पुतळ्याएवढा फोटो. शिकायला येणाऱ्या पोरींना ती छाती ठोकून सांगायची, मेहनत करा, हे सगळं नैसर्गिक आहे. सासूला हेच सांगितलेलं, नवऱ्यालाही हेच. डिसेंबरच्या जत्रेत पहिल्या रांगेत नाचायची ती.

रविवारी सकाळी इस्मेरिया आरशांच्या हॉलमध्ये शिरली. लुस दारी एकटीच होती, आरशासमोर. डावा हात उजव्या काखेत, बोटांनी काहीतरी चाचपत. दार वाजलं तसा हात खाली आला.

"झगा आणलात? वायदा तर मंगळवारचा होता."

"कधीपासून चाचपतेस?"

"काय?"

"पोरी, मी तुझं माप घेते. मला अवोकाडो नको सांगू."

लुस दारीनं दार लावून घेतलं. मग आरशाला पाठ लावून खाली बसली.

"मार्चपासून," ती म्हणाली. "बातम्यांत यादी आली. मी कार्ड काढून पाहिलं. माझा नंबर आहे त्यात. रोज सकाळी बघते, सूज आली का. अजून नाही आली. पण येणारच ना."

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"आणि तिथे कोण भेटलं असतं? नवऱ्याची बहीण नर्स आहे तिथे."

इस्मेरियानं तिला मापवही दाखवली. मग बुगाहून आणलेलं कार्ड शेजारी ठेवलं. आकार, कळी, टॅक्सी, सगळं एकेक करून सांगितलं. लुस दारी बोट ठेवून आकडे वाचत गेली. दोनदा वाचले.

"म्हणजे माझ्यात ते नाहीच?"

"तुझ्यात हे चारशेवालं आहे. यादीबाहेरचं."

लुस दारीनं तोंडावर हात ठेवला. हसली की रडली ते सांगता येईना. सात महिन्यांची भीती अशी एका दमात निघत नाही. ती हुंदक्या-हुंदक्यानं निघते. मग तिला उरलेलं समजलं.

"यामिलेतच्यात आहे."

"हो. आणि उद्या सातला तिला साधं ऑपरेशन समजून टेबलावर घेणार आहेत. नुसतं कार्ड चुकीचं म्हणून कळवलं तर तारीख रद्द, पुढची तीन महिन्यांनी. लॉट नंबर तुझ्या कार्डावर आहे. दे."

"त्यावर माझं नाव आहे दोन्या. मोठ्या अक्षरात."

"हो."

"नुसता नंबर वाचून दाखवला तर?"

"डॉक्टर मागतील, कुठून आणला. मी काय सांगू, देवानं सांगितला?"

लुस दारी उठली. चेहरा पुसला. "मला विचार करू द्या," ती म्हणाली आणि दार उघडून धरलं.

साडेअकरा वाजले होते.

८

दुकानासमोर गल्ली गोळा झालेली. कुणी खुर्च्या आणलेल्या, कुणी मीठ-मध लावलेली चोंतादुरोची फळं. आल्देमार काउंटरमागे, फाशी जाणाऱ्यासारखा, पायांत पांढरे मोजे. यामिलेत आणि मावशी पहिल्या खुर्च्यांवर.

बाराला चार मिनिटं असताना इस्मेरिया आली. एका हातात झगा, एका हातात कार्ड. टाळ्या पडल्या.

"ठेव," आल्देमार म्हणाला. "ठेव आणि उरकू दे."

तिला नुसतं ठेवायचं होतं. नाव यामिलेतचंच होतं, पैजेच्या बोलीत स्टिकरचा उल्लेख नव्हता. आणि गुलाबी झग्यातला आल्देमार बघायला तिनं गुरुवारपासून जीव टांगलेला. ती कार्डाकडे बघत राहिली. मग कार्ड पँटच्या खिशात घातलं.

"हे यामिलेतचं नाही," ती म्हणाली. "नाव तिचं, माल दुसरीचा. खरं कार्ड माझ्याकडे नाही."

"दुसरी कोण?" चार आवाज एकदम.

"ते मी सांगणार नाही."

"मग हरलीस?"

घंटा वाजायला लागली. इस्मेरियानं बारा ठोके मोजू दिले.

"हरले," ती म्हणाली.

आल्देमारला आनंद इतका अनावर झाला की त्यानं तिला लुलाडाच्या थंड सरबताचा पेला फुकट दिला. तिनं तो एका दमात संपवला, दुकानामागे गेली, आणि बाहेर आली तेव्हा गल्लीला श्वास घेता येईना. एकशे चोवीस सेंटीमीटरच्या घेरात इस्मेरिया म्हणजे मांडवाच्या आतला खांब. सूर्यफूल गुडघ्यावर आलेलं, तुरा जमीन झाडत होता. आपल्याच हातानं शिवलेलं तिच्याच गळ्यात पडलं होतं.

"संगीत," ती म्हणाली.

गाणं सुरू झालं. एका हातानं गळा धरून, एका हातानं घेर उचलून ती नाचली. वाईट नव्हती नाचत. पण तिचे डोळे सगळा वेळ कोपऱ्याकडे.

गाणं निम्म्यात आलं तेव्हा कोपऱ्यावरून लुस दारी आली. सरावाच्या कपड्यांत, केस बांधलेले, हातात पाकीट. तिची सासू खुर्चीत बसली होती, हातात चोंतादुरो. लुस दारी तिच्या समोरून गेली आणि पाकीट काउंटरवर ठेवलं.

"आल्देमार, मोठ्यानं वाचा. गाण्यावरून ऐकू जायला हवं."

आल्देमारनं चष्मा लावला. "लुस दारी..." तो थांबला. वर बघितलं. सगळी गल्ली बघत होती. सासूचा चोंतादुरो तोंडापाशीच राहिला.

"पुढे," लुस दारी म्हणाली.

त्यानं वाचलं. आकार दोनशे साठ. मग लॉट नंबर, एकेक अक्षर. यामिलेतनं आधी कार्डाचा फोटो पाठवला, मग फोन कानाला लावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. गाणं चालू होतं. इस्मेरिया नाचत होती. पैज पूर्ण गाण्याची होती.

"डॉक्टर म्हणाल्या," यामिलेतनं फोन खाली घेतला. आवाज सपाट होता. "यादीत आहे. तारीख तीच. पाणी आधी काढून तपासणीला पाठवणार, कवच अख्खं काढणार. रात्री दहानंतर काही खायचं नाही." मग ती लुस दारीला म्हणाली, "तू पण ये म्हणाल्या. एकदा बघून घेऊ."

"येते."

एर्मेलिना मावशी उठून घरात गेली. खिडकीतून दिसलं, तिनं फडताळावरच्या संताला हात जोडले आणि कार्नेशनचं पाणी बदललं.

"अवोकाडो," लुस दारीची सासू शेवटी म्हणाली. "नऊ वर्षं मी रोज अवोकाडो खातेय."

हसण्याचा असा लोट उठला की गाणं बुडालं. लुस दारीही हसली, मग इस्मेरियाकडे गेली, केसांतल्या चार पिना काढल्या आणि झग्याचा घेर तिच्या पाठीमागे घट्ट टाचला.

"घंटेनंतर सतरा मिनिटं," आल्देमार काउंटरवरून ओरडला. "पैज मीच जिंकली. लक्षात ठेवा सगळ्यांनी."

"कुणी नाही म्हटलंय?" इस्मेरिया धापा टाकत म्हणाली. "अजून दीड मिनिट बाकी आहे माझं. खांदा सोड पोरी, आणि पायांकडे बघ. चुकतेय का मी?"

"डावा पाय," लुस दारी म्हणाली, आणि तिच्या शेजारी उभी राहून दाखवू लागली.